साडेतीन तास मागं

पुण्याला, व्हिसाच्या ऑफिसात,
आण्णांच्या बोटांचे ठसे उमटेनात.
चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा चिमटीत धरून
रेषाच उरल्या नव्हत्या.
काचेपलीकडची मुलगी म्हणाली, बोट पुसा, पुन्हा ठेवा.
पाचव्यांदा यंत्रानं ओळख दिली.
येताना कराडला चहा घेतला, तेव्हा
आण्णा आपलंच बोट उन्हात धरून बघत बसले होते.

जायचं होतं प्रागला.
सांगलीतनं उठून प्रागला?
दुबई सोडून? सिंगापूर सोडून?
तिथल्या चौकात सहाशे वर्षांचं घड्याळ आहे.
तासाच्या ठोक्याला हाडांचा सापळा दोरी ओढतो
आणि वरच्या दोन खिडक्यांतनं बारा संत
एकेक करून डोकावतात, आत जातात.
हरभट रोडवरच्या आठ फुटी दुकानात
एका कॅलेंडरवर ते आण्णांनी पाहिलेलं,
लग्नाच्याही आधी.
आदल्या वर्षीच्या पुरात कॅलेंडर गेलं.
म्हणून तर तिकिटं काढली.

मला भावलेली गोष्ट वेगळीच.
मे महिन्यात तिथं सूर्य पावणेनऊला मावळतो.
आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत.
जन्मात पहिल्यांदा मी
रात्री आठला,
गॅसकडं पाठ करून,
सावकाश जेवले असते.

मग मार्च.
भरतेश ट्रॅव्हलवाल्याला फोन लावायचा.
फोन आधी खोकायचा, मग वाजायचा.
पैसे परत नाहीत, पण बुडालेही नाहीत, म्हणाला,
आणि एक कागद आला, क्रेडिट नोट नावाचा.
आण्णांनी डोळ्याला भिंग लावून
त्यातली एकेक अट तपासली,
कुठल्या चाकाचा दात तुटलाय ते शोधत.
"चालू आहे," म्हणाले,
"फक्त चावी त्यांच्याकडं राहिलीय."

आशाताई यादी घेऊन दारात आल्या.
हॉलमधल्या कोऱ्या निळ्या बॅगा बघून
दोन पावलं मागं सरकल्या.
परदेशातनं कोण आलंय?
कोण नाही, चंदना म्हणाली, आम्ही गेलोच नाही.
तरी चौदा दिवस
दूधवाल्यानं पिशवी फाटकालाच अडकवली.

चंदनाला तिथल्या भाषेतलं एकच येत होतं:
दोब्री देन. म्हणजे नमस्कार, दिवस चांगला जावो.
वाया कशाला घालवायचं,
म्हणून गच्चीतनं भाजीच्या टेम्पोला तेच ओरडली.
तो म्हणाला, देणं नको ताई, रोखच द्या.

अकरा मे. दुपारी तीनला गाडी यायची होती.
येणार नाही हे ठाऊक असूनही
त्या वेळी आम्ही सगळे हॉलमध्येच होतो.
नेणार होतो तेवढंच भडंग मी केलं होतं,
तेवढ्याच पुड्या बांधल्या,
आणि सोडल्या.
आण्णांनी भिंतीवरचं एक घड्याळ उतरवलं,
काटे साडेतीन तास मागं घेतले,
परत टांगलं.
कुणी काही विचारलं नाही.
आता सात वाजता मी घाईनं ताटं उचलते
तेव्हा त्या भिंतीवर दुपारचे साडेतीन असतात,
भरपूर ऊन असतं.

ऑगस्टात आयर्विन पुलाखाली पाणी पुन्हा चढायला लागलं.
दुकान रिकामं करायचं होतं.
लोकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेली
दोनशे बारा घड्याळं.
निळी बॅग तेव्हा पहिल्यांदा भरली.
हरभट रोड ते विश्रामबाग,
तेवढाच प्रवास तिच्या नशिबी.
खड्ड्यांच्या हिसक्यांनी
त्यातली काही जागी झाली.
राममंदिर चौकात पोलिसानं स्कूटर थांबवली,
बॅगेकडं कान नेला.
आत काय वाजतंय?
घड्याळं, साहेब. बंद पडलेली.
आणि निघालाय कुठं?
आण्णांनी मास्क जरासा खाली घेतला.
"निघालो होतो," म्हणाले, "मे महिन्यात."